मंदे, लाइन चांगलीच होती

मंदे, खोटारडी होतीस तू. तुझ्या फोटोला हार घालून झाला, दहाव्याला कावळ्याची वाट बघून झाली, आल्यागेल्या सगळ्यांनी "लय गुणाची बाई" म्हणून डोळे पुसून झाले. आता मी बोलते. गुणाची होतीस यात वाद नाही. पण माझ्याशी तू खोटं बोललीस, रोज दुपारी बोललीस, हसत हसत बोललीस. आणि ते मला कळलं तेव्हा भांडायला तू घरातच नव्हतीस. असं कुणी करतं का गं?

कुरुळीच्या तुझ्या वरच्या खोलीत बसून हे लिहितेय. टेबलावर माइक आहे, त्याला तू चढवलेला तो जुना मोजा तसाच आहे. "नवा टोपा कशाला इकत आनायचा, मोजा धुतलेला हाय," म्हणाली होतीस. भिंतीवर जुन्या कॅलेंडरची पाठ आहे आणि तिच्यावर माझ्या अक्षरातले ते सगळे 'का?' आहेत. ते फाडून टाकायच्या इराद्यानेच वर आले होते. हात लावला आणि परत खुर्चीत बसले.

ते 'का' मला कुणी शिकवले? तूच ना? मी लातूरकडून नवी नवी आलेली, रहाटणीत दिराच्या घरी राहायची आणि कंपनीच्या बसने चाकणला यायची. गाडीत बसवायच्या वायरींचे जुडगे बांधायची ती आपली लाइन. तू लाइन लीडर. मी तांबड्या वायरीच्या जागी तपकिरी घातली आणि तसे जुडगे पुढे निघून गेले. सुपरवायझर तावातावाने आला, "कोणी केलं हे?" तू मला पाठीमागे सारलंस आणि म्हणालीस, "सायेब, कुनी केलं ते इचारू नका. का झालं ते इचारा." मग तूच विचारत गेलीस आणि उत्तरंही तूच देत गेलीस. तपकिरी का घातली? तांबडीसारखी दिसली. का दिसली? वरची ट्यूब गेलेली. का गेलेली? कुणी सांगितलं नाही. का नाही सांगितलं? सांगायला गेलं की ओरडा बसतो म्हणून. ट्यूब बदलली गेली, माझी नोकरी राहिली.

बिघाड झाला की माणसाकडे बोट करायचं नाही, कामाच्या पद्धतीत शोधायचं. कंपनीच्या भिंतीवरही हे लिहिलेलं होतं, पण भिंतीवरचं कोण वाचतं. मी तुझ्याकडून घेतलं आणि ते माझ्या अंगात भिनलं. पुढे मी तपासणीच्या टेबलावर गेले तेव्हा पोरी म्हणायच्या, शोभाताई कधी कुणाला दोष देत नाही. तुलाही हे चांगलं ठाऊक होतं. म्हणून तर तू बरोबर तिथेच जाऊन लपलीस, जिथे मी कधी बघणार नव्हते. माझाच स्वभाव तू माझ्याविरुद्ध वापरलास मंदे. मला सगळ्यात जास्त झोंबतं ते हे.

आपली ती लाइन दुसरीकडे हलवली आणि तुझी कंपनी सुटली. मी राहिले. तुला काही कमी नव्हतं, दीर-जाऊ जीव लावणारे, खाली भाड्याच्या खोल्या, अंगणात म्हैस. तरी तोंड पाडून बसलेली असायचीस. एका गुरुवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, मी खोदून विचारलं तर म्हणालीस, "कामाची न्हाई गं आठवन येत. जेवनाच्या सुट्टीची येती." डबे उघडले की ज्या गप्पा चालायच्या, कुणाच्या सासूचं, कुणाच्या पोराचं, कुणाच्या भाजीतल्या मिठाचं, त्याची तुला भूक लागली होती. पुढच्या गुरुवारी मी माझ्या भाच्याचा जुना लॅपटॉप घेऊन आले. त्यातून रेडिओ निघाला.

'जेवणाची सुट्टी' हे नाव तुझं. इंटरनेटवरचा रेडिओ, मोबाइलवर एक बटण दाबलं की सुरू. कंपन्यांतल्या बायका सुट्टीत लॉकरमधून मोबाइल काढायच्या आणि डब्यांच्या मधोमध ठेवायच्या. तू बोलायचीस. कुणाची किल्ली बसमध्ये सापडली, कुणाला खोली पाहिजे, कुणाच्या मुलीला पोलीस भरतीत यश आलं. बायका फोनवर गाणी म्हणून पाठवायच्या, ती लावायचीस. तळेगावच्या एका कॅन्टीनमधली बाई रोज फक्त आपल्या डब्यात काय आहे तेवढंच सांगून पाठवायची आणि तू तेही वाचायचीस, वर शेरा मारायचीस, "आज बी दोडकाच का गं? नवऱ्यावर राग हाय का?" आमच्या टेबलावरच्या पोरी हसून हसून ठसका लागेपर्यंत हसायच्या. घास हातात तसाच राहायचा.

आपलं एकच भांडण होतं. मी म्हणायचे, आदल्या दिवशी रेकॉर्ड कर, मी काटछाट करून देते, चूक राहणार नाही. तू ऐकायला तयारच नव्हतीस. "शिळं कशाला घालू मैतरनींना? त्या ताजा डबा घिऊन येत्यात, मी कालचं बोलू व्हय?" मी म्हणायचे, अगं कुणाला कळतंय? तू म्हणायचीस, "मला कळतंय न्हवं." दर गुरुवारी हेच. आता तो वाद पडून राहिला आणि तुझी बाजू मांडायलाही मीच उरले.

मग रेडिओ तुटायला लागला.

ऐन बोलण्यात आवाज जायचा. मोबाइलवर ते गोल चाक फिरत बसायचं. आम्ही मोबाइलकडे बघत जेवायचो. थोड्या वेळाने तू परत यायचीस, "आले गं बायांनो. ह्या लायनीला कुनाची नजर लागली काय जानो." आणि हसायचीस. त्या हसण्याआधी तू एक दम घ्यायचीस. मी तो ऐकला होता मंदे, रोज ऐकला होता. मला वाटायचं, उठून राउटर चालू करून आलीस म्हणून असेल.

मी कामाला लागले. कॅलेंडरच्या पाठीवर एकाखाली एक 'का?' लिहीत गेले. बिनतारी नको म्हणून लॅपटॉपला वायर जोडली. आवाजाचा दर्जा उतरवून बघितला, म्हणजे कमी इंटरनेटवरही चालावा. ज्या सर्व्हरवरून तो सगळ्यांच्या मोबाइलवर जातो तो बदलला. ऐकणाऱ्यांच्या फोनमध्ये दोष असेल म्हणून आमच्या टेबलावर वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं असलेले मोबाइल शेजारी शेजारी मांडले. सगळ्यांवर एकदमच तुटायचा. म्हणजे दोष ऐकणाऱ्यांकडे नाही, कुरुळीतच आहे. इथवर मी बरोबर आले होते. अगदी तुझ्या दारापर्यंत आले होते.

आणि गुरुवारी? गुरुवारी मी इथे या खोलीत बसायचे तेव्हा एकदाही तुटायचा नाही. मिस्त्री आला की मशीन शहाण्यासारखं वागतं, तसंच. तूही तेच म्हणालीस, "तुला बघून भ्यालं ग ते." आणि गुरुवारी तू बोलायचीस कमी, बायकांची गाणी लावायचीस जास्त. मला वाटलं, मी आलेय म्हणून निवांत गप्पा मारायला वेळ काढतेयस. किती बरं वाटायचं मला त्याचं.

जावेदभाई आठव. कुरुळीत घरोघरी इंटरनेटची केबल टाकणारे, तुझ्या लग्नात मांडवाची लाइट त्यांच्या वडिलांनी लावलेली, असा घरोबा. मी फोन केला की बिचारे सांगायचे, "ताई, माझ्याकडून सिग्नल एकदम ओके हाय. तुमचा डब्बाच बंद पडतोय." डबा म्हणजे राउटर. मग मी विचार केला, वीज जात असेल. राउटरला लावायची छोटी बॅटरी आणली, वीतभर लांबीचीही नाही, वर एक बटण. टेबलावर ठेवली. पुढच्या गुरुवारी आले तर ती टेबलाखाली. "वर गरम हुती गं, खाली गार ऱ्हाती," म्हणालीस. मी मान डोलावली. गरम होणारी वस्तू गार जागी ठेवावी, यात शंका घेण्यासारखं काय होतं?

तरी तुटतच राहिला. बॅटरी बदलून आणली, तरी तुटला. तेव्हा जावेदभाई वर आले होते. टेबलाखाली वाकून बघितलं त्यांनी, सरळ झाले, तुझ्याकडे बघितलं. म्हणायला लागले, "ताई, पण बॅटरी असताना डब्बा बंद..." आणि तू मध्येच, "जावेदभाऊ, च्या घ्या आधी." चहा झाला. जाताना जिन्यात ते मला म्हणाले, "लाइनमध्येच गडबड असंल ताई. बघतो मी." त्यांनी नजर खाली ठेवली होती.

त्यानंतर मी त्या माणसाला काय काय बोलले, ते तुझ्या कानावर आलंच असणार. कुरुळीच्या चौकात, लोकांसमोर. "काम जमत नसेल तर सोडून द्या, दुसरा बघते," इथवर. ज्या बाईने कुणाला दोष द्यायचा नाही म्हणून शिकवलं, तिनेच मला एका भल्या माणसाला दोष द्यायला लावलं. ते ऐकून घेत राहिले. "हां ताई, बरोबर हाय ताई." तुला शब्द दिला होता म्हणे त्यांनी. आपला धंदा बदनाम होतोय हे दिसत असताना तो माणूस तुझा शब्द पाळत होता, आणि मी, तुझी सख्ख्या बहिणीपेक्षा जवळची, मला साधी कल्पना नाही.

मग तुझा फोन आला. "तळेगावला चाललेय मावशीकडं. जरा आराम करते. रेडिओ थोडे दिवस बंद ठिवू." मी म्हटलं, बरंच झालं, तोवर मी नवा राउटर बघते. त्यानंतर एकदाच बोललो, ते शेवटचं. काय बोललो आपण? मी राउटरचे प्रकार सांगत होते. तू "व्हय, व्हय" करत होतीस. मागे कुणाच्या तरी चपला वाजत होत्या, कुणीतरी 'सिस्टर' म्हणून हाक मारली. मी विचारलं, कुठेयस? म्हणालीस, "मावशीच्या शेजारी नर्सबाई ऱ्हाती." आणि मी विश्वास ठेवला! ठेवणारच की. मग म्हणालीस, "शोभे, लय डोकं नको लावू. सापडंल कवातरी." बाई गं, आयुष्यातलं शेवटचं बोलणं आपण एका डब्यावर घालवलं. मला विचारायचं होतं ते विचारायला दिलं नाहीस, मला सांगायचं होतं ते सांगायला दिलं नाहीस. माझा निरोपही तूच घेऊन गेलीस.

दहाव्यानंतर मी सामान बघायला वर आले. तू मावशीकडे एकाएकी गेलीस, एवढंच तोवर मला सांगितलं होतं. तुझी जाऊ सुनंदा पाठोपाठ आली, जिन्यातच बसली. मी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "आता राउटर बदलून बघते. तुटायचा थांबतो का बघू."

सुनंदा म्हणाली, "आता कशाला तुटतोय गं."

तिने पदर तोंडाला लावला. मग सगळं सांगितलं. छातीतली गाठ. दिवाळीच्या आधीच कळलेलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं की आता फार काही होण्यासारखं नाही. बोलता बोलता खोकल्याची उबळ आली की थांबायची नाही, कधी रक्त पडायचं. उबळ सांगून येत नाही, ऐन वाक्यात यायची. मग तू आधी राउटरची पिन उपसायचीस, बॅटरी आल्यावर पायाच्या अंगठ्याने तिचं बटण दाबायचीस. राउटर बंद. खोकून घ्यायचीस, चूळ भरायचीस, पाणी प्यायचीस, परत बटण दाबायचीस. राउटर सुरू होईपर्यंत दम जागेवर यायचा. "आले गं बायांनो."

"आन् गुरवारी तू यायचीस म्हनून सकाळीच ती जड गोळी घ्यायची," सुनंदा म्हणाली. "दिसभर मग झोपून काढायची, तू गेल्यावर."

मी टेबलाखाली वाकून बघितलं. बॅटरी तिथेच होती, खुर्चीत बसल्यावर उजवा पाय जिथे पडतो बरोबर तिथे. बटणावरचा रंग घासून गेला होता. ते बटण मी आणून दिलं होतं तुला. माझ्या पगारातून, मोठ्या हौसेने.

मी आधी सुनंदावरच ओरडले. मग खाली बसले. मग विचार करत राहिले की नुसता माइक का नाही बंद केलास. ते तर किती सोपं होतं. कळलं मग. माइक बंद केला तर शांतता ऐकू जाते, आणि शांतता ऐकली की बायका विचारतात, ताई, गप्प का झालात? लाइन गेली की कुणी माणसाला विचारत नाही. तू अगदी लाइन लीडरसारखा विचार केलास. बिघाड असा ठेवलास की सगळे पद्धतीत शोधत बसतील.

कंपनीत तू आम्हाला वायर बसवायला शिकवायचीस. आत ढकला, टिक आवाज ऐका, आणि मग जरा ओढून बघा. ओढून बघितल्याशिवाय पुढे द्यायची नाही. नुसत्या टिक आवाजावर विश्वास ठेवला म्हणून तू एकीला लाइनवरून उठवलं होतंस. मी या खोलीतली एकूण एक वायर ओढून बघितली मंदे. तुझा हात धरून तेवढं ओढलं नाही. कारण तुझ्याबद्दल मला खात्री होती.

राग आलाय मला. खूप आलाय. तुझं आजारपण तुझं होतं, मान्य. पण ते झेलायचा माझा वाटा होता ना? मी आले असते. रजा टाकली असती. तुझे पाय चेपले असते, तुला शिव्या दिल्या असत्या, रडले असते, तुझ्यासमोर रडले असते. सुनंदाला सांगितलंस, जावेदभाईंना सांगितलंस, मलाच का नाही? सुनंदाला मी हे विचारलं. ती म्हणाली, "ती म्हनायची, शोभीला कळलं की ती पयली रेडिओ बंद करंल. तिला मशीनीपरास मानूस मोठं वाटतं." खरं आहे. बंदच केला असता मी. त्याच दिवशी, त्याच मिनिटाला. आणि तुला ती जेवणाची सुट्टी शेवटपर्यंत पाहिजे होती. हे मला समजतं. समजतं म्हणून राग जात नाही, एवढंच.

आणि तरी, अगं, काय दुपारी दिल्यास तू आम्हाला! दोन उबळींच्या मधल्या जागेत बसून तू त्या दोडकेवालीला हसवत होतीस. आमच्या टेबलावर एक पोर होती, नवऱ्याने टाकलेली, कुणाशी बोलायची नाही. ती पहिल्यांदा हसली ती तुझ्या रेडिओवर. हे मी तुला सांगायचं ठेवून दिलं होतं, एखाद्या गुरुवारी निवांत सांगू म्हणून. ते राहिलंच.

आता शेवटचं. सुनंदाने तुझा निरोप दिला. "बायांना सांग, लाइनच खराब हुती. बाकी काय सांगू नको. शोभीकडनं तसा शब्द घे." मी शब्द दिला. रडण्याच्या भरात दिला. मेलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

आज गुरुवार. जेवणाच्या सुट्टीला मी रेडिओ लावला. आधी नुसतीच बायकांची गाणी. एकदाही तुटला नाही. तेवढ्यात तळेगावच्या त्या दोडकेवालीचा निरोप आला. तिला कसलंच काही ठाऊक नव्हतं. "ताई, आज भेंडी हाय. आज रेडिओ लय भारी चाललाय, अजिबात तुटत न्हाई. बिघाड सापडला वाटतं. मंदाताईंना सांगा, त्यांचा आवाज ऐकल्याबिगर घास उतरत न्हाई."

मी माइक चालू केला. रेकॉर्ड करून लावायला वेळ होता, लावलं नाही. थेटच गेले. वाद तू जिंकलीस असं मात्र समजू नकोस.

मी सांगितलं की तू गेलीस. मग म्हटलं, लाइन खराब नव्हती. जावेदभाईंची लाइन पहिल्या दिवसापासून चांगली होती, त्यांना जे बोलले ते मी जाहीर परत घेते. मग त्या बटणाचं सांगितलं. तुझ्या अंगठ्याचं सांगितलं. शब्द मोडला मी तुझा, मंदे. तू माझा विश्वास मोडलास, मी तुझा शब्द मोडला. आता आपली फिटंफाट.

बोलता बोलता नुसते हुंदकेच यायला लागले. पाय आपोआप टेबलाखाली सरकला आणि अंगठा नेमका त्या गुळगुळीत बटणावर पडला. कळलं मला, किती सोपं असतं ते. जरा दाबायचं.

मी पाय उचलून खुर्चीवर घेतला, मांडी घातली आणि तशीच रडत बसले. चाकणला, तळेगावला, जिथे जिथे डबे उघडे होते तिथे सगळ्यांनी ऐकलं. आज अख्खी जेवणाची सुट्टी रेडिओ चालला गं. एकदाही तुटला नाही.